दुसऱ्याच्या मिशीचा नवस

ऑपरेशन थिएटरबाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग होती, आणि कवडू खोब्रागडे त्यातल्या प्रत्येक खुर्चीवर बसून आला होता. पंख्याखाली बसला तर दार दिसेना. दारासमोर बसला तर दाराशिवाय काही दिसेना. आत त्याच्या बायकोच्या, सत्यशीलाच्या, हृदयातली झडप बदलत होते. पोरगा नागसेन बंगळुरूहून निघाला होता, पण त्याचं विमान रायपूरला उतरायला अवकाश होता.

कवडूची खरी अडचण ही, की त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. उभा जन्म त्याने कारखान्यात क्रेन चालवली. उकळत्या पोलादाने भरलेली भलीमोठी बादली एका जागेवरून उचलायची, दुसऱ्या जागी न्यायची आणि सांडू द्यायची नाही, ही नोकरी. अशा माणसाला रिकामे हात सोसत नाहीत. त्याचा उजवा हात मांडीवर आपोआप पुढेमागे होत होता, जणू सत्यशीलाला हळूच खाली उतरवायचं काम त्याच्याकडेच होतं.

बाकीचे सगळे कामाला लागलेले होते. एक बाई माळ ओढत होत्या, एक सरदारजी डोळे मिटून पुटपुटत होते, कोपऱ्यातलं केरळी जोडपं हातात हात घालून मान खाली घालून बसलं होतं. भिलाईत सगळ्या मुलखाचे लोक, त्यामुळे देवही सगळ्या मुलखांतून आलेले. अर्ज नव्हता तो एकट्या कवडूचा.

त्याच्या बापाने नागपूरला दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात मागण्याची सोयच उरली नव्हती. मघापासून कवडूने अख्खी वंदना मनातल्या मनात दोनदा तपासली. शरण जायचं, अमुक करणार नाही, तमुक करणार नाही असा शब्द द्यायचा. शब्द सगळा आपणच द्यायचा. समोरून काही मिळेल असं कुठे लिहिलेलं नाही. अगदी शेवटी सगळ्यांचं मंगल होवो, एवढं येतं. सगळ्यांत सत्यशीला आलीच, अशी त्याने समजूत घातली. पण सगळ्यांत सकाळी स्कूटर लावताना खेकसलेला स्टँडवालाही येत होता, आणि आज कवडूला मंगल इतक्या घाऊक भावात नको होतं.

तेवढ्यात भाऊराव ठवकर डबा घेऊन आला. कॅम्प-१ वस्तीतला त्याचा भिंतीला भिंत लागून शेजारी. दुर्गहून मालगाड्यांवर गार्ड होता, आता रिटायर. डोक्यावर केस नाही, आणि मिशी जन्मात कधी ठेवली नाही.

"तुळसाबाईनं भाजीपोळी देल्ली," बायकोने भरलेला डबा ठेवत तो म्हणाला. "आन् तू आता चिंता नोको करू. मी बंदोबस्त करून आलो."

"कायचा बंदोबस्त?"

"डोंगरगडच्या देवीले नवस बोललो. वहिनी नीट घरी आल्या का मिशी देऊ म्हनलं."

"तुले मिशी कुठं हाय बे?"

"तुही."

कवडूचा मांडीवरचा हात थांबला.

ही मिशी साधी नव्हती. कवडूच्या आज्याला भंडाऱ्याकडच्या गावात पाटलाच्या दारावरून मिशीला पीळ देऊन जायची मुभा नव्हती. बाप कारखान्याच्या पहिल्या भरतीत भिलाईला आला, आणि इथे वरच्या ओठाची चौकशी कोणी करत नाही हे कळल्याबरोबर त्याने ती मनमुराद वाढवली. त्याच्या पश्चात कवडूने चालवली. घरात देव नव्हता खरा, पण रोज सकाळी आंघोळ करून तेल लावावं अशी ही एक वस्तू होती.

"माही मिशी तू कावून देल्ली?"

"देवीले भारी चीज द्या लागते. माह्याजवळ भारी काय हाय? गुडघे? ते तं आधीच गेले."

"अबे, झडप डॉक्टर बदलून राहिला. देवी नाही."

"मी कुठं म्हनतो देवी बदलते? मी झेंडी दाखवो तं गाडी काय झेंडीनं चाले? इंजिनानंच चाले. पन झेंडी नाही दाखवली तं हलन का?"

"तुही झेंडी पाहाले समोर ड्रायव्हर राहे. इथं इंजिनात कोन हाय?"

भाऊरावने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "लांब मालगाडी वळणावर उभी राहिली का इंजिन दिसेच नाही बे," तो म्हणाला. "कोन पाहून राहिला, काई समजे नाही. तरी मी दाखवो."

"तुह्या देवीले सांग, नवस..."

'रद्द' हा शब्द जिभेवर आला होता, तेवढ्यात दार उघडलं. एक नर्स धावत बाहेर पडली, दुसरी हातात पेटी घेऊन धावत आत गेली, आणि आतून कोणी तरी म्हणालं, "ब्लड और मँगाओ." दार मिटलं.

"काय सांगू देवीले?" भाऊरावने हळूच विचारलं.

कवडूचा देवीवर विश्वास नव्हता. तिची भीतीही नव्हती. पण ह्या घडीला 'रद्द कर' म्हणायचं, आणि मग आत काही कमीजास्त झालं तर? ह्या 'तर'ला डोक्यातून हाकलावं तर तो पुन्हा येऊन शेजारच्या खुर्चीवर बसे. भाऊरावला तो इतकी वर्षं अंधश्रद्धाळू म्हणत आला होता. आता स्वतःला काय म्हणावं ते सुचेना.

"काई नाही," तो म्हणाला. डबा उघडला, पोळी मोडली आणि तशीच झाकून ठेवली.

अखेरीस डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढत. "ठीक है अंकल. अब होश में आने दीजिए." भाऊरावने डोंगरगडच्या दिशेला, म्हणजे कँटीनकडे, हात जोडले. कवडूने डॉक्टरांना जोडले. आणि हात सोडताच त्यातला एक मिशीवर गेला.

सत्यशीला घरी आली. कवडू तिला गोळ्या वेळेवर द्यायचा, अर्ध्या झोपेतही तिचा श्वास ऐकायचा. मिशीला मात्र त्याने तेल लावणं सोडलं. दुसऱ्याच्या वस्तूला तेल कोण लावतं?

"अवो, मिशी अशी झाडूवानी कावून दिसून राहिली?" तिने पलंगावरून विचारलं. तो उत्तर जुळवत होता, तोच भाऊराव आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "वहिनी, आता डोंगरगडचं पाहा लागन." मग सगळंच सांगून बसला.

सत्यशीला दर रविवारी विहारात वंदना घेत असे. तिच्यापुढे भन्तेजीही जपून बोलत.

"नवस कोन बोललं, भाऊजी?"

"मी."

"मंग फेडनारा कोन?"

"वस्तू कवडूची हाय ना, वहिनी."

"माह्या सासऱ्याची हाय ते. गावात ठेवू नाही देल्ली म्हून इथं ठेवली. पाटलाले नाही भेटली, देवीलेही नाही भेटत. तुमी बोलले, तुमी वाढवा, तुमी द्या."

"ह्या वयात?"

"माह्यासाठी बोलले ना? खोटं कावून बोलू, मले बरं वाटलं आयकून. आता वाढवा."

भाऊराव गेल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी त्याइले तिथंच मना कावून नाही केलं?"

कवडू खिडकीबाहेर पाहायला लागला. तिथे शेजाऱ्यांची साडी वाळत होती. "जमलं नाही," तो म्हणाला.

तिने खुणेने त्याला पलंगाजवळ बोलावलं. मग म्हणाली, "तेल लावा."

भाऊरावची मिशी आली ती पांढरी, विरळ, उंदराने कुरतडल्यासारखी. तुळसाबाई त्याला पाहुण्यासारखं जेवायला वाढू लागली. मिशीत द्यायजोगं काही दिसल्यावर तो आणि कवडू डोंगरगडला गेले. पायथ्याशी न्हाव्याने भाऊरावला खुर्चीत बसवून वस्तरा डावीउजवीकडे एकेकदा फिरवला आणि कवडूकडे वळला. "और आपका, दाऊ?"

"नहीं," कवडू म्हणाला, आणि बाजूला जाऊन घरी फोन लावला.

"झाली का भाऊजीची?" सत्यशीलाने विचारलं.

"झाली. आता वर जाऊन राहिला. तुले दम तं नाही लागून राहिला?"

"नाही."

"सकाळपासून एकडावही नाही?"

"नाही म्हनलं ना. हात काढा मिशीवरून."

कवडूने हात काढला. फोन खिशात ठेवल्यावर हात परत तिथेच ठेवला.