मंगलच्या नावानं गेलेले निरोप

राजगडावर जाणारी मंडळी पायथ्याच्या पालीत मंगलकडे मुक्कामाला उतरत. बुकिंगचं खातं तिनं वेल्ह्यात सोमेश्वरच्या ऑनलाइन केंद्रात उघडलं होतं, आणि ते बघायला ती तिथंच जाई. एकदा तिच्या खात्यावरून सगळ्या पाहुण्यांना निरोप गेले, आधार कार्डाचा फोटो अमुक नंबरवर पाठवा म्हणून. काहींनी पाठवलेही. तक्रारी झाल्या आणि खातं बंद पडलं.

सोमेश्वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला की मंगलनंच कुणाला तरी पासवर्ड दिला असणार, खेड्यातल्या बायकांना काय कळतंय. हे कानावर आलं तशी मंगलच्या अंगाचा तिळपापड झाला. पुण्यात ब्राउझर तपासायच्या कामावर असलेल्या आपल्या भाचीला, शेफालीला, घेऊन ती थेट केंद्रात गेली. आधी का-कू करून सोमेश्वरनं खुर्ची सोडली. शेफालीनं बराच वेळ मशीन चाळलं.

"मावशी, तुझा पासवर्ड कुणाला कळायची गरजच नव्हती," ती म्हणाली. "ब्राउझर प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे वेगळ्या खोलीतच म्हण, कोंडून ठेवतो. एक साइट लबाड निघाली तरी तिला शेजारच्या टॅबमधलं दिसत नाही. इथं ते वेगळं ठेवणंच बंद केलंय, आणि ब्राउझर जुनाट आहे. हिस्टरीत दिसतंय, तुझं खातं उघडं होतं तेव्हा बाजूच्या टॅबमध्ये फुकट मॅच दाखवणारी कसलीशी साइट चालू होती. तिनंच चोरलं हे छातीठोक सांगता येणार नाही, पण दार सताड उघडं होतं."

सोमेश्वर म्हणाला, मशीन लई हळू चालत होतं, त्या प्रोसेस मेमरी खातात, म्हणून बंद केलं.

केंद्रात सातबाऱ्यासाठी माणसं ताटकळत बसली होती. मंगल त्यांच्याकडे वळली.

"ऐका सगळी. ह्यांचं मशीन पळावं म्हणून ह्यांनी आमची राखण काढून टाकली, आन् नाव माझं बद्दू केलं. सोमेश्वरराव, जे माझ्यामागं बोललात ते आता ह्यांच्यासमोर खोडा."

त्यानं खालमानेनं पुटपुटत खोडलं. नीट ऐकू येईना, तेव्हा मंगलनं त्याला परत बोलायला लावलं.

खातं सुरू व्हायला पुढं बरीच खटपट करावी लागली. ज्यांनी फोटो पाठवले होते, त्यांना मंगलनं एकेकाला फोन करून घडलं ते सांगितलं. दोघांनी न ऐकताच फोन ठेवला. सोमेश्वरनं मशीनला मेमरी वाढवली, संरक्षण चालू केलं. रस्त्यात भेटला की तो हसून बोलायला बघतो. मंगल मान फिरवते.