शेव्हेलचा खालचा पाईप

“नाही सापडत बुवा. पुढच्या शनिवारी बघू,” असं म्हणत नॉर्बनं बॉनेट खाली लोटलं, आणि माझा नवरा खोटं बोलतोय हे मला तिथल्या तिथे कळलं.

लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली. नॉर्बर्ट स्टाखुराला खोटं बोलता येत नाही असं मी म्हणणार नाही, पण बोलला की तो डाव्या कानाची पाळी चोळत बसतो. त्या दिवशी ती टोमॅटोसारखी झाली होती.

समोर ब्रेंट हॅलोरन हिरमुसला होऊन उभा होता. पन्नाशीचा माणूस, विम्याची कचेरी, पुलापलीकडच्या बेटावर नदीकाठी घर. गाडी त्याची होती. सत्तर सालची शेव्हेल, गडद निळी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे. आणि एके काळी ती आमची होती. आमची म्हणजे नॉर्बची. मी त्याच्या आयुष्यात आले तेव्हा ती आधीच आलेली होती, त्यामुळे नीट पाहिलं तर सवत मीच.

ऐंशी साली कारखान्यानं माणसं कमी केली. दोन पोरं पदरात, तिसरं वाटेवर. नॉर्बनं ओहायोतल्या कुणाला तरी गाडी विकून टाकली, बसनं घरी आला, हात धुतले आणि निमूट जेवला. त्यावर एक अक्षर बोलला नाही, ना तेव्हा ना पुढे. पण रस्त्यावरून मोठं इंजिन घुमत गेलं की तो बोलता बोलता थांबायचा. आवाज विरला की, “हं, काय म्हणत होतो मी?” मी सांगायची. बाई काय काय सांभाळून घेते, याची कुठे नोंद नसते.

मग यंदा जूनमध्ये नदीकाठी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. नॉर्ब एका निळ्या गाडीपाशी गेला आणि दाराच्या खालच्या कडेवर बोटं फिरवायला लागला.

“ओ आजोबा, हात नका लावू,” ब्रेंट खुर्चीतून ओरडला.

“हा पोचा माझा आहे,” नॉर्ब म्हणाला. “हातोडीनं सरळ करायला गेलो आणि आणखी बिघडवला. बहात्तर साली.”

ब्रेंट उठून आला. माणूस वाईट नाही. त्यानं नॉर्बला सावलीत बसवलं, गार पाणी दिलं आणि आपलं रडगाणं सुरू केलं. गाडी दारात दिवसभर चालू ठेवली तरी थंडगार. पण हायवेला लागली की दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल रेघेत. रेडिएटर नवा घातला, थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला. काही उपयोग नाही. आणि सप्टेंबरच्या शेवटी मुलीचं लग्न, वर उत्तरेत, हायवेनं कित्येक तासांच्या वाटेवर. लेकीचा हट्ट होता की बापानं तिला चर्चच्या दारात याच गाडीतून उतरवायचं.

“शनिवारी येऊन बघतो,” नॉर्ब म्हणाला.

तेव्हापासून आमच्या घरात शनिवार म्हणजे ईस्टर झाला. गडी सकाळी दाढी करायचा. गराजमध्ये घालायच्या शर्टाला इस्त्री करून मागायचा! मी म्हटलं, “तेल सांडायला चाललायस की बिशपला भेटायला?” तर म्हणे, “लोकांच्या घरी जायचं म्हणजे बरं दिसतं.”

सुरुवातीला सांगितलं त्या शनिवारी मी कोबीच्या पानातले खिम्याचे मुटके डब्यात भरले आणि त्याच्याबरोबर गेले. म्हटलं, बघू तरी सवतीचं सासर.

आणि मी पाहिलं. नॉर्ब वाकला. रेडिएटरच्या तळातून इंजिनाच्या पंपाकडे जाणारा जाड रबरी पाईप त्यानं मुठीत धरून दाबला, सोडला. त्याच्या चेहऱ्यावर ना आश्चर्य, ना उत्सुकता. आपलाच खिसा चाचपावा इतक्या सवयीनं त्यानं तो दाबला होता. मग तो सरळ उभा राहिला आणि वर थर्मोस्टॅटच्या झाकणाशी उगाच खुडबुड करत बसला, तासभर.

परतीच्या वाटेवर पूल ओलांडेपर्यंत मी दम धरला.

“खालच्या पाईपात काय आहे?”

“काही नाही.”

“नॉर्बर्ट.”

त्यानं कान चोळला. “तेच तर. काही नाही. आत स्प्रिंग असायला हवी, ती नाही. पंप पाणी ओढतो ना खालनं. गाडी जोरात पळाली की ओढ वाढते. आत स्प्रिंग नसली तर पाईप चपटा होतो. घट्ट मिल्कशेक कागदी नळीनं ओढल्यासारखं. गाडी थांबली की पाईप पुन्हा गोल. मग शोधत बसा.”

“स्प्रिंग गेली कुठे?”

“प्रदर्शनातले परीक्षक बॅटऱ्या मारून बघतात गं, पाईपावर मूळ कारखान्याची अक्षरं आहेत की नाहीत. म्हणून यानं सुट्या भागांच्या कुठल्याशा जुन्या बाजारातनं त्या काळचा जुना पाईप हुडकला. विकणाऱ्यानं आतली गंजकी स्प्रिंग ओढून फेकली असणार आणि पाईप पुसून चकाचक केला. अक्षरं बघून हा भाळला.”

“तुला कधी कळलं?”

समोर रस्त्याकडेच बघत तो म्हणाला, “पहिल्याच शनिवारी.”

मी हसले. खरंच हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग बघितलं तर तो हसत नव्हता.

“सांगितलं की संपलं, लू,” तो म्हणाला. “मग मी कशाला जाऊ तिथे?”

सांग जाऊन, असं म्हणायला हवं होतं. पण चाळीसेक वर्षांत मी त्याला इतकं ताठ चालताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “मुटक्यांचा डबा तिथेच राहिला. पुढच्या शनिवारी आण.”

असे आणखी शनिवार गेले. ऑगस्ट सरला. आणि एका गुरुवारी जेवताना ब्रेंटचा फोन आला. नॉर्बनं नुसतं “हं, हं” केलं आणि फोन ठेवला.

“सोमवारी गाडी टोलेडोच्या वर्कशॉपला नेतोय,” तो म्हणाला. “इंजिन उतरवणार. नवं बसवणार, आजकालच्या गाड्यांतलं. म्हणाला, तुम्ही फार केलंत, नॉर्ब, पण माझ्याजवळ दिवस राहिले नाहीत.”

सूप निवत होतं. त्याचं इंजिन उतरणार होतं. ते त्यानं स्वतः दोनदा उघडून पुन्हा जोडलं होतं, एकदा तर आमच्या हनिमूनच्या आदल्या दिवशी. गाडी वाचवायची तर शनिवार जाणार, शनिवार राखायचे तर इंजिन जाणार, आणि मग शनिवारही जाणारच. शिवाय त्या माणसाला सगळा उन्हाळा झुलवल्याची कबुली द्यायची.

“मी येऊ बरोबर?” मी विचारलं.

“ये,” तो म्हणाला.

शनिवारी त्यानं ब्रेंटच्या दारात गाडी चालू करून चांगली तापू दिली. मग बॉनेट उघडून म्हणाला, “इथे खाली बघा.” आणि कार्बोरेटरची दांडी हातानं ओढली. इंजिन गर्जलं, आणि ब्रेंटच्या डोळ्यांदेखत तो जाड पाईप आत ओढला जाऊन चपटा झाला. नॉर्बनं दांडी सोडली. पाईप पुन्हा गोल, जसं काही घडलंच नाही.

“अरे देवा,” ब्रेंट म्हणाला. “एवढंच? नॉर्ब, तुम्ही ग्रेट आहात! सापडलं शेवटी!”

इथे तो गप्प बसू शकला असता. मी मनातल्या मनात म्हणाले, बस गप्प, म्हाताऱ्या.

“आज नाही सापडलं,” नॉर्ब म्हणाला. “पहिल्या दिवशीच सापडलं होतं.”

“म्हणजे?”

“सांगितलं असतं तर तुम्ही परत बोलावलं नसतं.”

ब्रेंटचा चेहरा हळूहळू बदलला. “माझी पोर रोज विचारते, डॅडी, झाली का गाडी? मी रोज नाही म्हणतो. आणि तुम्ही इथे दर शनिवारी येऊन...” त्यानं वाक्य अर्धवट सोडलं. बरंच झालं.

नॉर्बनं आमच्या डिकीतून नवा पाईप काढला, आत स्प्रिंग असलेला. जुलैपासून तो तिथे पडून होता. इंजिन निवेपर्यंत तिघंही उभे राहिलो. मग त्यानं पाणी काढलं, पाईप बसवला, पट्ट्या आवळल्या, पुन्हा पाणी भरलं.

“यावर अक्षरं नाहीत,” तो म्हणाला. “परीक्षक गुण कापतील.”

“खड्ड्यात गेले परीक्षक,” ब्रेंट म्हणाला आणि एकटाच गाडी घेऊन निघून गेला.

आम्ही त्याच्या दारात थांबलो. नॉर्ब उभाच होता. नदीवरून वारा येत होता, मी त्याला जाकीट दिलं, ते त्यानं हातातच धरलं. बऱ्याच वेळानं पुलाच्या बाजूनं आवाज आला, मग गाडी आली. ब्रेंट उतरला तो लहान पोरासारखा.

“हायवेवर पंचाहत्तर मैलांनी पळवली! काटा हलला नाही! जागचा हलला नाही, नॉर्ब!” मग त्याला आठवलं की तो रागावलेला आहे. थोडा घुटमळला. पैशांच्या पाकिटाकडे नेलेला हात मागे घेतला आणि किल्ली पुढे केली. “जा. एक चक्कर मारून या.”

सगळ्या उन्हाळ्यात नॉर्बनं हे एकदाही मागितलं नव्हतं. मला वाटलं, आता घेईल.

त्यानं किल्लीकडे पाहिलं. “नको,” तो म्हणाला. “तिथे बसलो तर मला उतरता यायचं नाही. मुलीला सुखरूप पोचवा.”

ब्रेंटनं त्याचा हात हातात घेतला. पण पुढच्या शनिवारचं कुणीच काही बोललं नाही.

घरी येताना गाडी मी चालवली. कोपऱ्यावरचं दुकान, चर्च, शाळा, सगळं रोजचंच मागे पडत गेलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मला त्याचा राग आला होता, त्या ब्रेंटचा आला होता, त्या गाडीचाही आला होता, आणि सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं ते त्याचं.

मी बटाटे उकडायला टाकले. नॉर्ब हात धुवायला मोरीशी गेला, नळ सोडला, आणि तसाच उभा राहिला. शेव्हेलच्या रेडिएटरमधल्या हिरवट पाण्यानं आणि काळ्या रबरानं माखलेले हात त्यानं धारेच्या कडेला धरले होते, धारेत नव्हे. पाणी नुसतं वाहत होतं.

“धू ना,” मी म्हटलं. “वाढते मी.”

“धुतो,” तो म्हणाला.

बटाटे शिजले, मी ताटं मांडली, तरी तो तिथेच. शेवटी मीच जाऊन नळ बंद केला, आणि तो तशाच हातांनी जेवायला बसला.