गाळलेल्या पाण्याचा थेंब

आधार तायडेने एक डोळा मिटायला सांगितलं, तर रिखबचंदांनी दोन्ही मिटले.

"भाऊ, एकच मिटा. डावा. आणि श्वास धरून ठेवू नका."

रिखबचंदांनी डावा डोळा बोटाने दाबला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले. आधी नुसता पांढरा गोल दिसला, मग त्यांच्याच पापण्यांचे केस. आधारने पितळी चक्र किंचित फिरवलं आणि त्या गोलातून काहीतरी सळकन आडवं गेलं. मागोमाग दुसरं, चपलेच्या तळव्यासारखं, स्वतःभोवती गिरक्या घेत. एका बारीक देठावर घंटेसारखं काहीतरी उभं होतं. ते एकदम मिटलं आणि सावकाश पुन्हा उघडलं.

रिखबचंद इतके दचकून मागे सरले की स्टूल पडलं. मग ते हसायला लागले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, फैजपूरच्या कॉलेजात, एका अनोळखी प्राध्यापकासमोर ते मोठ्याने हसत होते आणि त्यांना लाजही वाटत नव्हती.

"आहेत," ते म्हणाले. "खरंच आहेत हो."

पर्युषणात एक दिवस जैन स्थानकात वाचन करायचं काम या वर्षी त्यांच्याकडे आलं होतं. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव असतात हे शास्त्रवचन विज्ञानानेही आता मान्य केलं आहे, असा विषय संघाचे अध्यक्ष लखीचंद यांनी ठरवून दिला होता. रिखबचंदांनी अकरा पानं लिहून काढली. ती वाचताना त्यांना जाणवलं की आपण मात्र एकही जीव कधी पाहिलेला नाही. चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी दोन बाटल्या पिशवीत घालून ते बसने फैजपूरला आले होते.

पाणी कुठल्या विहिरीचं, असं आधारने विचारलं. तो त्यांच्याच गावचा निघाला. चौकातल्या विहिरीचं म्हटल्यावर तो काच पुसता पुसता हसला.

"मग ओळखीचं आहे. लहानपणी आईबरोबर जायचो. आम्हाला वरून ओतायचे ते."

 रिखबचंदांनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या बाटलीतलं पाणी त्यांच्या थोरल्या बहिणीने, पानबाईने, गाळलेलं होतं. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, दुपदरी कापड. शास्त्रात सांगितलेलं माप. आधारने त्यातला थेंब काचेवर ठेवला. रिखबचंदांनी निश्चिंत मनाने डोळा लावला आणि त्यांचं हसू विरलं. तेच तळवे, त्याच गिरक्या.

"कापडाच्या छिद्रापेक्षा हे फारच लहान असतात, भाऊ," आधार हळू आवाजात म्हणाला.

बसमध्ये परतताना सबंध वाटेवर केळीचे हिरवे मळे होते, पण रिखबचंदांना दिसत होती ती पानबाई. एकोणिसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली, त्याला पन्नास वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी ती पाणी गाळे, कापडावर अडकलेले जीव गाळलेल्या पाण्याने पितळी बालटीत उतरवून घेई आणि ते पाणी, ज्याला ती जिवाणी म्हणे, त्याच विहिरीत परत पोहोचवी. घरात नळ आला तरी तिने विहीर सोडली नाही. गेल्या वर्षी तापात दवाखान्यातलं पाणी तिने ओठाला लावलं नव्हतं. तिला हे कसं सांगायचं? आणि न सांगता ती अकरा पानं कशी वाचायची?

लखीचंदांनी सगळं ऐकून घेतलं आणि मार्ग काढला.

"पहिल्या बाटलीचं सांगा. दुसऱ्या बाटलीबद्दल तुम्हाला कोणी विचारलंय का?"

रिखबचंदांनी मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी वादात मान डोलावली होती. घरी येऊन त्यांनी पाणी गाळण्यावरची शेवटची चार पानं बाजूला काढली, पुन्हा जोडली, पुन्हा काढली. शेवटी आधारला एक पोस्टकार्ड टाकलं.

वाचनाच्या आदल्या दिवशी रविवार होता. आधार सूक्ष्मदर्शक गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसने आला. ओट्यावर पाट मांडून त्यावर यंत्र ठेवलं. ढगांतून ऊन आलं की आधार खालचा आरसा फिरवून धरी, ऊन गेलं की सगळे वर पाहत बसत. वाऱ्याने उडू नयेत म्हणून रिखबचंदांनी आपली पानं यंत्राखाली सरकवली. कॉलेजातले मास्तर आहेत, एवढंच त्यांनी बहिणीला सांगितलं होतं.

पानबाईने ओढणी सावरली आणि काचेला डोळा लावला. तिला एक डोळा मिटायला शिकवावं लागलं नाही. सुईत दोरा ओवताना ती तसाच मिटत असे.

बराच वेळ ती हलली नाही. 

"हे न गाळलेलं ना?"

"नाही, जीजी," ते म्हणाले. "तू सकाळी गाळलंस ते."

पानबाईने डोळा काढला नाही. ऊन गेलं, परत आलं. रिखबचंद भराभर बोलू लागले. कापड जुनं झालं असेल, छिद्रं मोठी झाली असतील, शास्त्रात लिहिलंय त्याचा अर्थ कदाचित...

"शास्त्र लिहिणाऱ्याजवळ हे यंत्र होतं का?" तिने मध्येच विचारलं.

"नव्हतं."

"त्याच्याजवळ कापड होतं. त्याने कापडाचं माप सांगितलं. हे असतं तर याचं सांगितलं असतं." तिचा आवाज चढला होता, पण रागाने नाही. "किती आहेत रे, रिखब. जत्रा भरलीये नुसती. हे बघ, हे मिटलं. उघडलं परत. उद्या हे सगळं सांग. अर्धं नको."

रिखबचंद ओट्याच्या खांबाला टेकले. त्यांना फार हलकं वाटत होतं.

"मास्तर," पानबाई म्हणाली, "हे हळू का झाले?"

"पाणी सुकतंय, अक्का. काचेवर उन्हात फार वेळ टिकत नाही."

"म्हणजे मरतील?"

आधारने होकार दिला. वर्गात रोज चाळीस काचा सुकत. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

पानबाई उठलीच. बालटी, दोर, गाळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन ती अनवाणी चौकाकडे निघाली, आणि काच दोन बोटांत आडवी धरून आधार तिच्यामागे जवळजवळ धावत सुटला. रिखबचंद धोतर सावरत मागे होते. गल्लीतली माणसं दारात येऊन पाहू लागली.

विहिरीला पाच पायऱ्यांचा चौथरा होता. पानबाई गुडघ्यांवर हात ठेवत वर चढली. आधार सर्वांत खालच्या पायरीशी थांबला. आता तिथे कोणी कोणाला अडवत नव्हतं. तरी तो थांबला.

"या ना वर, मास्तर. ज्याने थेंब काढला त्यानेच सोडायचा असतो."

"तुम्हीच टाका, अक्का. मी इथून देतो."

"टाकायचा नसतो. पाण्यापर्यंत न्यायचा असतो. वरून ओतलं तर..."

वाक्य तिथेच राहिलं. तिने त्या पायरीकडे पाहिलं, मग आधारच्या चेहऱ्याकडे. रिखबचंदांना आठवत होतं. या पायरीशी आधारच्या वस्तीतल्या बायका घागरी धरून उभ्या असत आणि जीजी हातभर उंचीवरून पाणी सोडी. ती कोणालाही परतवत नसे. त्यांच्या घागरीत न गाळलेलं पाणी तिने एकदाही ओतलं नव्हतं.

"तू लिलाबाईचा का?" पानबाईने विचारलं.

"हो."

तिने दोर पुढे केला आणि बाजूला झाली. आधार पाच पायऱ्या चढून आला. तिने बालटी धरली, त्याने काच धरली, आणि तांब्यातल्या पाण्याने तो थेंब धुऊन आत उतरवला. बालटीच्या तळाच्या कडीला दुसरा दोर होता. पाण्याला टेकल्यावरच तो ओढायचा, म्हणजे बालटी पाण्यातच उलटते. आधार वाकून हळूहळू दोर सोडत राहिला.

"टेकली," तो म्हणाला, आणि दुसरा दोर ओढला.

पानबाई कठड्यावरून खाली पाहत होती.

"आई कशी आहे?"

"बरी आहे. आता आमच्याकडे नळ आलाय, अक्का."

 ओला दोर पानबाईने कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग विचारलं, "त्या नळाचं पाणी यातून पाहिलंस कधी?"

"नाही."

पानबाईने आभाळाकडे पाहिलं. सातपुड्याकडून ढग येत होते.

"मग चल. ऊन आहे तोवर," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली. घर डाव्या हाताला होतं. ती उजवीकडे, विहारामागच्या वस्तीच्या वाटेला लागली. आधार क्षणभर तिथेच उभा राहिला. मग त्याने ओली काच सदऱ्याला पुसली आणि झपाझप तिच्या पुढे झाला.

यंत्र आणायला रिखबचंद घराकडे पळाले. पळायची सवय जाऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती. त्यांनी सूक्ष्मदर्शक दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला, तशी खालची अकरा पानं ओट्यावर उडाली, दोन तर गल्लीत गेली. गोळा करायला हात मोकळा नव्हता. ते पानांना वळसा घालून, जमेल तितक्या वेगाने, बहिणीमागे निघाले.