पेटीला एकच सूर

एकोणीसशे एकतीसच्या ईस्टरआधी वासंतीबाईनं माझ्या हातात एक कागद ठेवला, आणि त्या दिवसापासून मला ती बाई डोळ्यांसमोर नको झाली. रत्नागिरीच्या आमच्या चर्चमध्ये सोळा वर्षं पेटी मी वाजवत होतो. कुठलं गीत कुठल्या पट्टीत, तबला कधी, कडवं किती वेळा, सगळं माझ्या मानेच्या इशाऱ्यावर चालायचं. ही मुलींच्या शाळेत शिकवायला मुंबईहून आलेली, जेमतेम पंचविशीची. येऊन सहा महिने झाले नाहीत तोवर पाळकसाहेबांनी ईस्टरच्या गीताची वाद्यं बसवायचं काम तिला दिलं.

तिनं प्रत्येकाला सरगम लिहून वेगळा कागद दिला. सुरुवातीच्या कडव्यांना हातखंब्याहून चालत येणाऱ्या बाबू सुताराची बासरी आणि तिचं स्वतःचं फिडल. माझ्या कागदावर काय? 'पट्टी काळी एक. फक्त सा धरणे. शेवटच्या कडव्यात सर्व.' सोळा वर्षांनी मला एक सूर!

"मास्तर, तुमच्या सा-वरच सगळं उभं राहणार आहे," ती हसून म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गीत तिनं खरोखर सुंदर बसवलं होतं, ते तर त्याहून झोंबलं. तालमीत बासरी ऐकताना माझे डोळे भरून आले आणि मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलो. ही अक्कल देवानं मला का दिली नाही?

ईस्टरच्या सकाळी चर्च गच्च भरलं होतं. मी भाता ओढला आणि काळी एक सोडून तिच्या शेजारची पांढरी दोन दाबली. पेटीला सगळ्या पट्ट्या असतात, बासरीला एकच. मंडळींनी माझ्या सुरात गीत उचललं. बाबूनं दोनदा फुंकर मारली, ती इतकी बेसूर निघाली की पोरीबाळी हसल्या. त्यानं लाजून बासरी मांडीवर ठेवली. वासंतीबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, फिडल खाली घेतलं आणि लोकांबरोबर गायला लागली. मग चारही कडवी मी एकट्यानं वाजवली. खोटं कशाला बोलू, जीव थंड झाला.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "वाद्यांचं काय झालं?"

"पट्टी वर गेली हो, साहेब," बाबू रडवेला होऊन म्हणाला. "माझी बासरी तिथं जायची नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चूक माझी," वासंतीबाई पुढे होऊन म्हणाली. "मास्तरांना काल नवा कागद लिहून दिला, त्यावर पट्टी मीच चुकीची लिहिली." आणि पेटीवरचा कागद उचलून, घडी करून तिनं आपल्या बायबलात ठेवून दिला.

मंडळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या सोनूबाई. सोळा वर्षांत त्यांनी माझं एकदा कौतुक केलं नव्हतं. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "चारचौघांत चूक कबूल केलीस गो बाय माझे! इतकं मोठं मन कोणाचं असतं?" पाळकसाहेबांचेही डोळे पाणावले.

मी खरं सांगायला तोंड उघडलंसुद्धा. मग लक्षात आलं, खरं कळलं की हेच लोक म्हणणार, बघा, मास्तरांचं पापही हिनं आपल्या अंगावर घेतलं. तेवढं तिचं कौतुक मला सोसवलं नसतं. मी तोंड मिटून घेतलं.