सासूबाईंनी निवडलेलं पिल्लू

सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. समोरच्याच्या नाकावर जड चौकट चढवायची, काच बदलायची आणि विचारायची, "हे स्पष्ट दिसतं, की हे?" सोळा वर्षांच्या अनुभवाने तिला एक गोष्ट पक्की कळली होती. हाच प्रश्न चौथ्यांदा विचारला की भल्याभल्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. मग तुम्ही म्हणाल त्याला ते हो म्हणतात. ही विद्या दुकानातच ठेवून घरी यायचं असतं, एवढी अक्कल तिला असायला हवी होती.

घरात कुत्रा आणायचं ठरलं ते सासूबाईंसाठी. वर्षभरापासून त्या किरकोळ काहीबाही विसरायच्या. गॅसवरचं दूध, शेजारणीचं नाव, असंच. डॉक्टर म्हणाले, सोबत असू दे. नवऱ्याने हौसेने एका गुबगुबीत पिल्लाचा फोटो दाखवला, तर सासूबाई म्हणाल्या, "हा कुत्रा आहे की उशी?" त्यांचं लहानपण वडिलांच्या शिकारी कुत्र्यांत गेलेलं. शेवटी गावाबाहेर राहणाऱ्या कुत्रेवाल्या बाईंचा पत्ता लागला. त्यांच्याकडे शिकारी कुत्र्यांच्या दोन जुन्या जाती होत्या. आता शोधूनही कुठे मिळत नाहीत अशा.

"हा नजरेचा आणि हा नाकाचा," बाईंनी दोन पिल्लं पुढ्यात सोडली. नजरेचा उंच, काटकुळा, मोठा ऐटबाज. लांबवर काही हललं की सुसाट सुटणार, पण घरात एकदम निमूट. नाकाचा बुटका, कान जमिनीला टेकलेले, माग लागला की मैलभर खाली मान घालून चालणार. शिवाय लाळ गाळणार, आणि गळा काढला की आळी गोळा करणार.

बाईंकडे वही नाही, पावती नाही. त्यांची पद्धतच वेगळी. घरच्यांनी आपल्या वापरातल्या कपड्याची पट्टी पिल्लाच्या गळ्यात बांधायची. तीन आठवडे पिल्लू त्या वासात वाढणार, मग बाई स्वतः घरी आणून देणार. "माझ्याकडे रोज माणसं येतात. मला चेहरे लक्षात राहत नाहीत, फडकं तेवढं राहतं," असं म्हणून त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेल्या.

सासूबाईंनी जुन्या गाऊनची निळी पट्टी नाकवाल्याच्या गळ्यात बांधली. क्षणभरही विचार केला नाही.

"मला पळणारा काय करायचाय?" त्या म्हणाल्या. "उद्या मी वाट चुकले, तर हा हुंगत हुंगत मला शोधून काढेल."

नवरा हसला. सूनबाईही हसली. सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या, आणि ते सूनबाईने पाहिलं होतं.

तेवढ्यात त्या पिल्लाने सूनबाईच्या चपलेवर लाळेची तार सोडली. तिच्या डोळ्यांपुढे घरातला सोफा आला, पुसायची फरशी आली. पुसणार कोण, हे सांगायला नकोच. सगळे गाडीत बसले तेव्हा "रुमाल राहिला" म्हणून ती परत गेली आणि निळी पट्टी सोडून नजरवाल्याच्या गळ्यात बांधून आली. वाटेत सांगू, असं तिने ठरवलं होतं. वाटेत सगळे खुशीत होते. राहून गेलं.

तीन आठवड्यांनी बाई दारात हजर. सोबत उंच पिल्लू, गळ्यात निळी पट्टी.

"हा नव्हे," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "मी कानवाला घेतला होता."

बाईंनी फडक्याकडे बोट दाखवलं. कानवाला परवाच गेला होता, फार लांबची माणसं येऊन घेऊन गेली होती.

सगळं कबूल करायला सूनबाईला हा एक क्षण मिळाला होता. पण बाई समोर, नवरा समोर. तिची जीभ रेटेना. निघालं ते भलतंच. "आई, फडकं तुमचंच ना?"

"माझंच."

"गाठ तुम्हीच मारलीत ना?"

"मारली तर."

"मग हाच असणार, नाही का?"

"अगं, पण मला चांगलं आठवतंय..."

"नीट आठवतंय ना, आई?"

हा चौथा प्रश्न. सासूबाईंचा चेहरा दुकानातल्या त्या जड चौकटीमागच्या चेहऱ्यांसारखा झाला. "असेल बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मीच बांधलं असेल."

कुत्रा गुणी निघाला. येणारे-जाणारे त्याची वाहवा करायचे. सासूबाईही त्याचे लाड करायच्या. पण त्या दिवसापासून त्या प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायला लागल्या. "मी गोळी घेतली ना गं?" घेतलेली असायची, आणि त्यांना ते आठवतही असायचं. फक्त त्या आठवणीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. वीस वर्षं रोज दुपारी त्या एकट्या वाचनालयात जायच्या. तेही बंद केलं. एक दिवस किल्ली मुलाच्या हातात देऊन म्हणाल्या, "जिला आपण कुठला कुत्रा निवडला ते आठवत नाही, तिने एकटीने रस्त्यावर जाऊ नये."

पुढच्या तपासणीला मुलाने डॉक्टरांना पहिल्यांदा कुत्र्याचीच गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी ती लिहून घेतली आणि गोळी वाढवली. सूनबाई शेजारच्या खुर्चीवर बसून होती. तिला स्वतःची शिसारी आली, पण तिने गोळ्यांची नवी चिठ्ठी तेवढी घडी करून पर्समध्ये ठेवली.

रविवारी दुपारी दोघी मटार सोलत बसल्या होत्या. सूनबाईला आता राहवेना.

"आई, तुम्ही कानवालाच निवडला होता. फडकं मी बदललं. मला लाळ नको होती, म्हणून. तुमचं काहीही चुकलं नव्हतं."

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यांनी ओला हात तिच्या मनगटावर ठेवला.

"किती गं गुणाची तू. माझं मन राखायला स्वतःवर आळ घेतेस."

"नाही आई, शप्पथ. मी परत गेले होते, रुमालाचं निमित्त करून."

"बरं बरं. तूच बदललंस," सासूबाई म्हणाल्या. हल्ली सूनबाई त्यांची समजूत घालायची, त्याच सुरात. "माझी काही तक्रार नाही. फक्त डॉक्टरांसमोर असं काही बोलू नकोस हं. त्यांना खरं काय ते कळायला हवं."

आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.