शर्टाची सात बटणं

"काजं बंद करून टाक. बटणं वर नुसती दिसायला, आत वेल्क्रो." फिनबारने शर्ट शिलाईमशीनवर ठेवला. "साडेतीनपर्यंत होईल ना?"

तीन वाजत आले होते. ज्ञानदाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या नोकरीपायी ती टॅला या आयरिश उपनगरात आली आणि पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं दुकान थाटून बसली. पण धडधाकट काजं बुजवायला सांगणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

"चांगली आहेत की काजं!"

"काजं चांगलीच आहेत. बोटं नाहीत."

त्याने पंजे पुढे केले. एकही बोट सरळ नव्हतं. अकरा वर्षं इंग्लंडमध्ये तो पगारी रग्बी लीग खेळला होता, आणि कुठलं बोट कुठल्या सामन्यात मोडलं ते त्याला तोंडपाठ होतं. "अंगठा मात्र कोच झाल्यावर. मिनीबसच्या दारात." नंतरची चौदा वर्षं इथल्या क्लबच्या मुलींना शिकवण्यात गेली. पुढच्या वर्षी कोच तोच की दुसरा कुणी, हे आज चार वाजता कमिटी ठरवणार होती.

"मागच्या महिन्यात शिट्टी हातातून पडली. दोनदा. तेव्हापासून सगळे हातांकडेच बघतात."

आतून सासूबाईंनी डोकावलं. महिन्यापूर्वीच वर्ध्याहून आल्या होत्या. "काय म्हन्ते गं हा? एवढा गडी माणूस, अन् घामानं भिजून राह्यला!"

"इंटरव्ह्यू आहे त्याचा, आई."

"या वयात? मंग चहा दे त्याले. साखर जास्त घाल."

चहा त्याने दोन्ही तळव्यांत धरून संपवला. तोवर शर्ट झाला. त्याने तो चढवला, पट्ट्या दाबल्या. आरशात सातही बटणं अगदी लावल्यासारखी दिसत होती.

"ग्रँड," तो म्हणाला; पण जागचा हलला नाही.

"आता काय?"

"चेअरमन. दारातच हात मिळवतो, आवळून. तिथेच कळेल त्याला."

ज्ञानदा उठली, ताठ उभी राहिली आणि हात पुढे केला. "या, फिनबार. बसा."

त्याने हात दिला. तिने जरासं दाबताच त्याचा चेहरा पिळवटला.

"पुन्हा," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा नुसत्या पापण्या फडफडल्या.

"तू हळू धरतेस. तो माणूस बोटीवर काम करायचा. जोरात धर."

"दुखेल हो!"

"जोरात, ज्ञानदा."

कात्री चालवून चालवून तिची पकड सांडशीसारखी झाली होती. तिने दातांवर दात दाबून त्याचा पंजा आवळला. आतली हाडं एकमेकांवर सरकलेली तिला जाणवली. घाबरत तिने वर पाहिलं.

तो हसत होता, दारात आलेल्या पाहुण्यासारखा. आणि विचारत होता, "काय मग, घरचे सगळे ठीक ना?"