काकाच्या जॅकेटमधला धूर

मित्रांनो, मी एक जुना चार्जर आहे. तुमच्या मुठीत सहज मावेन एवढा. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता चहाचा हात लागल्यासारखा पिवळट दिसतो. माझ्या अंगात फार जोर नाही. वीज देतो तीसुद्धा थोडी थोडी, बेताबेताने. पण या म्हाताऱ्या चार्जरने जे पाहिलं ते आठवलं, की अजून त्याच्या पितळी पायांत झिणझिण्या येतात!

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. नव्या फोनच्या खोक्यात बसून मी अमेरिकेतल्या सांता क्लाराला आलो. नागपूरहून नोकरीसाठी आलेल्या नीनाने तो फोन घेतला होता. ऑफिसातून आली की ती आधी मला भिंतीला लावायची आणि मग जमिनीवर बसून आईशी तासन्‌तास बोलायची. माझी वायर आखूड, म्हणून तिला भिंतीला टेकूनच बसावं लागे. "माझा गुणी चार्जर आहे हा," असं ती एकदा आईला म्हणाली. त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली.

पुढे नीनाचं विवेकशी लग्न झालं, मुलगी कादंबरी जन्मली आणि सगळे मिशिगनमधल्या ट्रॉयला राहायला आले. तिथे नीना गाड्यांच्या बॅटऱ्या तपासण्याचं काम करू लागली. घरात दणकट, जलद चार्जर आले. मला बघून विवेक हसला. "हा कशाला ठेवलायस, यार? किती स्लो आहे." नीनाने मला फेकलं नाही, पण स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं. तिथे रबरबँड, जुन्या किल्ल्या आणि सॉसच्या पुड्या यांच्यात मी पडून राहिलो. खण उघडला की वाटायचं, आपल्यालाच शोधतायत. पण हात यायचा तो कात्रीसाठी.

आणि मग जानेवारीतला तो शनिवार उजाडला! गावातल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता आणि पाचवीतली कादंबरी लेझीम खेळणार होती. घरात नुसती धांदल. विवेक तिळगुळाचे डबे घेऊन आधीच हॉलवर गेला होता. नीना काळी साडी नेसून पिना शोधत होती. सरावाचा स्पीकर चार्ज करायचा राहिला होता आणि फोनचे बाकीचे सगळे चार्जर अडकलेले. नीनाने खण उपसला आणि मला बाहेर काढलं! ओट्यामागच्या प्लगमध्ये शिरलो, अंगात वीज खेळली, स्पीकरचा दिवा लागला. काय सांगू तुम्हाला माझा आनंद!

ओट्यावरून समोरचा सोफा दिसत होता. सत्यजितकाका त्याच्याजवळ घुटमळत होता. हा विवेकचा धाकटा भाऊ. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधली नोकरी गेली म्हणून काही महिन्यांपासून इथे राहायला आलेला. मनाने लोण्यासारखा मऊ. कादंबरीला लेझमीच्या चाली त्यानेच शिकवल्या होत्या. सिगरेट सुटावी म्हणून त्याने व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगरेट, धरला होता, आणि आता तोही सोडला, असं त्याने घरात सांगितलं होतं.

ते खरं नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून बोटाएवढी एक रंगीत वस्तू काढली. संपली की फेकून द्यायची, पण संपेपर्यंत चार्ज करत राहायची, अशी ती व्हेपची नळी. ती रात्रभर बाहेर गाडीत राहिली होती, बर्फासारखी गार. खोक्यावर लिहिलेलं असतं की कमी जोराचा चार्जर लावा. त्याने हाताशी होता तो लॅपटॉपचा दांडगा चार्जर लावला. वर कोणाला दिसू नये म्हणून ती आपल्या फुगीर जॅकेटच्या घडीत सारली. त्यावर कादंबरीचा कोट आणि दोन शाली आल्या.

मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हाला आवाज कुठे असतो? गारठलेल्या बॅटरीला चार्ज करू नये, तिला आधी घरातल्या उबेला येऊ द्यावं. तिला तिच्या बेताचीच वीज द्यावी. आणि कापडात तर कधीच गुंडाळू नये, आतली उष्णता जाणार कुठे?

थोड्या वेळाने कादंबरी कोट घ्यायला आली आणि थबकली.

"आई, समथिंग इज हिसिंग," ती म्हणाली. "काकाच्या जॅकेटमधून धूर येतोय."

तिने हात लावला नाही. शाबास त्या पोरीची! नीना धावत आली आणि एका नजरेत काय ते समजली. बॅटऱ्या कशा पेटतात ते तिने कामावर कितीदा पाहिलं होतं.

"कोणी हात लावू नका. बाहेर चला."

सत्यजित मात्र सोफ्याकडे झेपावला. नीनाने त्याचा दंड धरला.

"वहिनी, ते माझं आहे," तो कसाबसा म्हणाला.

"असू दे. आधी बाहेर."

ते दारातून गेले तोच फट्‌ असा आवाज झाला आणि जॅकेटमधून ज्वाळा उसळली! छतावरचा अलार्म किंचाळू लागला. खोली धुराने भरली. स्पीकरचा दिवा दिसेना. मी एकटा भिंतीला चिकटून, पळायला पाय असूनही न पळता येणारा. सोफ्याची एक बाजू पेटली. पडद्याला झळ लागणार, इतक्यात नीनाने फोन करून बोलावलेल्या बंबाचा सायरन बाहेर वाजला. जड बूट धडधडत आत आले, पाण्याचा फवारा सुटला आणि पांढऱ्या वाफेत ती आग विझली. ओट्यापर्यंत ती पोचलीच नाही. मी वाचलो!

बाहेर बर्फात तिघं कुडकुडत उभी होती. अग्निशमन दलाच्या बाईंनी सत्यजितला सांगितलं की अजून थोडा उशीर झाला असता तर घर गेलं असतं, आणि मुलीला तिथून दूर नेलं हेच सगळ्यात बरोबर केलं. हे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. कार्यक्रम मात्र चुकला नाही. मंडळाने लेझीम शेवटी ठेवली आणि शेजाऱ्यांचे कोट घालून सगळे वेळेत पोचले. कादंबरी अशी खेळली म्हणे की टाळ्या थांबेनात!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सत्यजित खाली मान घालून बसला होता. खोटं बोललो, तो म्हणाला. सोडायचं आहे, पण एकदम सुटत नाही. विवेक चिडला होता. बराच बोलला. नीनाने त्याला बोलू दिलं आणि मग मला सत्यजितसमोर ठेवलं. कुठे तडा नाही ना, गरम होत नाही ना, हे तिने आधी नीट पाहिलं होतं.

"सुटेपर्यंत हा वापर," ती म्हणाली. "हा स्लो आहे, म्हणूनच देतेय. आणि लपवू नकोस. लपवलंस म्हणून पेटलं."

मग तिने त्याला सगळं समजावलं. चार्जिंग करायचं ते मोकळ्या ओट्यावर, आसपास कापड-कागद नको. आपण जागे आणि समोर असताना. दिव्याने भरल्याची खूण केली की लगेच काढायचं. भिजलेली, चेपलेली, फुगलेली वस्तू प्लगला लावायचीच नाही. संपलेली घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, शहराच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात नेऊन द्यायची. आणि ती वस्तू कादंबरीच्या हाताला लागता कामा नये, कुलपातच हवी. शेवटी तिने डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला लावली.

मी पुन्हा कामाला लागलो! सत्यजित ओट्याशी खुर्ची टाकून बसायचा, दिव्याकडे बघत. मी हळू, म्हणून त्याला बराच वेळ बसावं लागे. कादंबरी शाळेतून आलेली असली की तो आधी सगळं आवरून ठेवायचा. डॉक्टरांकडच्या फेऱ्या चालू होत्या. काही दिवस फार वाईट गेले, तो चिडचिडा झाला, एकदा माझी वायरही हिसडली. पण हळूहळू त्याच्या ओट्याकडच्या फेऱ्या विरळ होत गेल्या. बर्फ वितळलं तेव्हा तर आठवडेच्या आठवडे माझ्याकडे कोणी फिरकेना.

मित्रांनो, व्हेपच्या वाटेला तुम्ही जाऊच नका. पण खेळणं असो, फोन असो की सायकल, बॅटरी प्रत्येकात आहे. तिला तिच्या बेताचं द्या, मोकळी हवा द्या आणि तिच्यावर नजर ठेवा. काही गरम लागलं, वास आला, फुसफुस ऐकू आली, तर हात न लावता मोठ्यांना हाक मारा आणि बाहेर पळा.

एप्रिलमधल्या एका सकाळी सत्यजितने उरलेली नळी पिशवीत घातली आणि ती केंद्रात देऊन आला. मग त्याने मला प्लगमधून काढलं, वायर नीट गुंडाळली आणि नीनाच्या हातात दिलं.

"वहिनी, याचं काम संपलं."

नीनाने मला मुठीत घट्ट धरलं. काम गेल्याचा एवढा आनंद कुठल्या चार्जरला झाला असेल का, मला माहीत नाही. मला झाला.